बिदरच्या घुमटापासून सुरपूरच्या टेकडीपर्यंत: दख्खनी चित्रकलेची वाटचाल

भारतातल्या दरबारी लघुचित्रांचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कांगड्याची राधा उभी राहते. हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या बसोली, गुलेर, चंबा, कांगडा या छोट्या संस्थानांनी सतराव्या-अठराव्या शतकांत चित्रकारांना घर दिले, आणि त्या चित्रांवर आज भरपूर लिहिले जाते. पण त्याआधी दोन-अडीच शतके दख्खनच्या पठारावरही तशीच एक दरबारी चित्रपरंपरा उभी राहिली होती. तिचा पहिला ठसठशीत पुरावा आजच्या कर्नाटकात, बिदर शहरापासून कोस-दीड कोसावर अष्टूर गावात आहे. तिथून ती अहमदनगरला गेली, विजापूरला बहरली, गोवळकोंड्याला श्रीमंत झाली आणि शेवटी सुरपूरच्या खडकाळ टेकडीवर विसावली. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातल्या मराठी माणसासाठी हा घरचा इतिहास आहे. तो क्रमाने समजून घ्यायला हवा, कारण ही परंपरा वाढली कशामुळे आणि विखुरली कशामुळे, याचे उत्तर त्या क्रमातच मिळते.

गुलबर्ग्याहून बिदरला

1347 साली दिल्लीच्या तुघलकांशी फारकत घेऊन अलाउद्दीन हसन बहमनशाहाने दख्खनमध्ये स्वतंत्र राज्य स्थापन केले आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही राजधानी केली. दिल्लीशी वैर, दक्षिणेला विजयनगर, अशा कोंडीत सापडलेल्या या राज्याला कारभारी, सैनिक, विद्वान आणि कारागीर हवे होते. उत्तरेची वाट भरवशाची नव्हती. मग समुद्राची वाट उरली. विजापूरच्या दरबारात बसून दख्खनचा इतिहास लिहिणारा फिरिश्ता सांगतो, की फिरोजशाह बहामनी (1397 ते 1422) दरवर्षी गोवा आणि चौल या बंदरांतून जहाजे पाठवी. परदेशी वस्तू आणणे हा एक हेतू, आणि नामांकित गुणी माणसे दरबारात आणणे हा दुसरा. इराण आणि मध्य आशियातली माणसे कोकणच्या किनाऱ्यावर उतरून घाट चढून पठारावर येऊ लागली, ती अशी.

फिरोजशाहानंतर त्याचा भाऊ अहमदशाह (1422 ते 1436) गादीवर आला. त्याने राजधानी बिदरला हलवली. बिदर उंच पठाराच्या कडेवर, हवा थंड, विहिरींना पाणी. आणि जागा अशी, की कन्नड, मराठी आणि तेलुगू हे तिन्ही मुलूख तिथून हाताशी. नव्या राजधानीत नवा किल्ला, नवे महाल उठले. फिरिश्ताने त्यातला एक प्रसंग नोंदवला आहे. महाल पुरा झाला तेव्हा खुरासानहून आलेल्या आझरी या कवीने त्याच्या स्तुतीचे शेर रचले, मुल्ला शरफुद्दीन माझंदरानी या लेखनकाराने ते मोठ्या अक्षरांत उतरवले आणि पाथरवटांनी ते दगडात कोरून दरवाजावर बसवले. कवी इराणी, अक्षर इराणी, छिन्नी मात्र इथल्या हातातली. पुढच्या अडीचशे वर्षांच्या दख्खनी कलेची बीजे या प्रसंगात दिसतात.

अष्टूरचा रंगीत घुमट

अहमदशाहाला सूफी संतांची ओढ होती. गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा तो भक्त होता. 1422 मध्ये ते वारल्यावर त्याने इराणातल्या किरमानच्या शाह नियामतुल्लाह वली यांच्याशी संबंध जोडला. शाहांनी आपला नातू बिदरला पाठवला. पुढे त्यांचे पुत्र खलीलुल्लाहही इथे आले. या नात्यामुळे इराणच्या कलेची एक वाट थेट बिदरपर्यंत आली.

1436 मध्ये अहमदशाह वारला. अष्टूरला त्याची कबर झाली आणि तिच्या आतल्या बाजूला जे रंगकाम झाले, तसे त्या काळचे दुसरे दख्खनमध्ये नाही. बाहेरून ही इमारत जाड भिंतींची, उंच घुमटाची, फारशी नक्षी नसलेली. आत मात्र हिंगुळी लाल, गडद निळा, हिरवा, काळा आणि सोनेरी या रंगांनी भिंती आणि घुमट मढवलेले आहेत. वेलबुट्ट्या, तारकाकृती, एकात एक गुंतलेल्या भौमितिक आकृती आणि त्यांच्या मधून धावणारी सोनेरी अक्षरे. त्यात सूफी परंपरेच्या गुरुशिष्यांच्या वंशावळी आहेत, शाह नियामतुल्लाह यांची पद्ये आहेत. आणि एक मोलाची नोंद आहे: चित्रकाराचे नाव. कझवीन या इराणी शहरातून आलेला शुक्रुल्लाह नक्काश. ज्या काळात बहुतेक कारागीर नाव न सांगता निघून गेले, त्या काळातले हे नाव.

निजाम राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी 1947 मध्ये बिदरच्या इतिहासावर आणि इमारतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या रंगकामाचे तपशीलवार वर्णन त्यात आहे. बहामनींच्या चित्रशाळेतले सर्वमान्य असे एकही सचित्र हस्तलिखित उरलेले नाही. त्यामुळे पुढे कागदावर आलेली दख्खनी रंगसंगती, म्हणजे लाल-निळ्याची ती खोली आणि सोन्याचा तो सढळ वापर, तिच्या आधीची अवस्था पाहायची तर अष्टूरची भिंतच पाहावी लागते.

या कबरीचा लोकांनी केलेला स्वीकारही विलक्षण आहे. अहमदशाहाला मुसलमान ‘वली’ मानतात आणि लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. त्याच्या उरुसाला कलबुर्गी भागातल्या मड्याळचे जंगम आपल्या अनुयायांसह चालत येतात, शंख फुंकला जातो, कबरीवर फुले वाहिली जातात. दरबाराने उभी केलेली वास्तू दरबार गेल्यावरही जिवंत राहिली, ती या भक्तीमुळे.

बिदरच्या भरभराटीची साक्ष एका परक्याने दिली आहे. त्वेरचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन 1470 च्या आसपास बिदरला राहिला. सुलतानाच्या महालातला दगडन् दगड कोरलेला आणि सोन्याने रंगवलेला असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्याच वेळी वजीर महमूद गवान 1472 मध्ये आपला मदरसा बांधत होता, ज्याच्या दर्शनी भिंतीवरच्या रंगीत फरशांचे तुकडे अजून चमकतात. पण बाहेरून आलेले ‘आफाकी’ आणि इथले ‘दख्खनी’ सरदार यांच्यातल्या वैराने दरबार पोखरला होता. 1481 मध्ये बनावट पत्राच्या आधारे गवानचा शिरच्छेद झाला. त्यानंतर राज्य सावरलेच नाही. अहमदनगर, विजापूर, वऱ्हाड, गोवळकोंडा आणि खुद्द बिदरची बरीदशाही, असे त्याचे पाच भाग झाले.

एका राणीची चित्रे

राज्याचे तुकडे पडले ते राजकारणाला घातक ठरले, पण चित्रकलेला त्यातून पाच दारे उघडली. प्रत्येक सुलतानाला आपला दरबार शेजाऱ्यापेक्षा उजवा दिसायला हवा होता. बिदरच्या अली बरीदशाहाने (1542 ते 1580) रंगीन महाल सजवला. काळ्या दगडात शिंपल्याचे चमकते तुकडे बसवून केलेली तिथली नक्षी आजही पाहणाऱ्याला थांबवते. आणि कागदावरच्या चित्रांचा पहिला मोठा पुरावा आला अहमदनगरहून.

1565 च्या जानेवारीत तालिकोटच्या लढाईत दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पराभव केला. त्या विजयातला एक नायक हुसेन निजामशाह. त्याची आणि त्याची राणी खुंझा हुमायून हिची स्तुती करणारे फारसी काव्य आफताबी या कवीने रचले. ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या नावाने ओळखले जाणारे ते सचित्र हस्तलिखित आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. यात लढाईची चित्रे आहेत, विजयनगरच्या रामरायाच्या वधाचे चित्र आहे; पण जीव गुंततो तो राणीच्या चित्रांत. स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते हा आपल्या संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत. फारसी काव्याच्या हस्तलिखितात तो चित्ररूपाने अवतरला आहे: झाडाजवळ उभी राणी आणि बहरलेल्या फांद्या. आजूबाजूच्या स्त्रिया उंच, लांब वेण्यांच्या, साड्या नेसलेल्या. पाठीमागे सोने आणि भडक सपाट रंग. वेलबुट्टी इराणची, माणसे दख्खनची. काही अभ्यासकांना यात लेपाक्षीच्या भित्तिचित्रांची आठवण होते. विजयनगरच्या वाताहतीनंतर तिथले कारागीर उत्तरेकडे आले असावेत, असा त्यांचा तर्क आहे.

लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला. अल्पवयीन मुलगा मुर्तजाच्या नावाने खुंझा हुमायूनने कारभार हाती घेतला. 1569 मध्ये मुलाने तिला कैद केले. हस्तलिखितातही तेच घडले: राजाशेजारी बसलेल्या राणीची आकृती बऱ्याच चित्रांतून पुसली गेली. दरबारी चित्र राजाच्या मर्जीने जन्मते आणि त्याच मर्जीने खरवडले जाते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो.

विजापूरचा बहर

विजापूरला अली आदिलशाहाच्या काळात, 1570 मध्ये, ‘नुजूम-उल-उलूम’ हा ज्योतिष, तंत्र, शस्त्रे आणि शकुन यांचा ग्रंथ शेकडो चित्रांनी सजवला गेला. तो आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पण खरा बहर आला तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या (1580 ते 1627) काळात. नऊ वर्षांचा असताना गादीवर बसलेला हा सुलतान गायक, कवी आणि वादक होता. त्याच्या ‘किताब-इ-नौरस’ या दख्खनी भाषेतल्या पदसंग्रहात सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे. ‘मोतीखान’ नावाचा त्याचा तंबोरा आणि ‘आतशखान’ नावाचा त्याचा हत्ती चित्रांतही आले. अकबराच्या दरबारातला फारूख बेग हा नामवंत चित्रकार त्याच्या पदरी काही वर्षे राहिला.

या दरबारातली चित्रे मुघल चित्रांहून फार वेगळी आहेत. मुघल चित्रकार घटना टिपतो: लढाई, शिकार, भेटीगाठी, कोण कुठे उभा होता ते. विजापूरचा चित्रकार अवस्था रंगवतो. चेस्टर बीटीमध्येच असलेली ‘मैना हातावर घेतलेली योगिनी’ पाहावी. राखाडी कांतीची उंच योगिनी, मागे माणसाच्या आकाराची फुलझाडे, दूरवर पांढरा महाल. ती कोण, कुठे निघाली, याचे उत्तर चित्र देत नाही. त्यातून मनात उतरते ती एक गूढ शांतता.

हे चित्र बनत कसे, तेही पाहिले पाहिजे. कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून जाड पान केले जाई, ते गुळगुळीत दगडाने घोटले जाई. त्यावर पातळ रेखाटन, मग रंग: हिंगुळाचा लाल, लाजवर्दाचा निळा, हरताळाचा पिवळा. पापणी आणि मोत्याचा सर काढायला खारीच्या केसांचा कुंचला. शेवटी खललेले सोने लावून पुन्हा घोटाई. लाजवर्द अफगाणिस्तानच्या बदख्शानमधून येई, सोने खजिन्यातून. एका पानावर अनेक हात अनेक दिवस राबत. इतका खर्च करणारा आणि इतकी वाट पाहणारा धनी फक्त दरबारात सापडे. या कलेचे वैभव त्यात होते आणि तिचा धोकाही त्यातच होता.

दरबार पडले, पाने निघून गेली

धोका उत्तरेकडून आला. 1600 मध्ये अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला. मलिक अंबरने निजामशाही आणखी पाव शतक लढवत ठेवली, पण 1636 मध्ये ती संपली. बिदर 1619 मध्येच विजापूरच्या ताब्यात गेले होते. 1657 मध्ये शाहजादा औरंगजेबाने ते जिंकले. 1686 च्या सप्टेंबरात विजापूर पडले आणि पुढच्याच सप्टेंबरात गोवळकोंडा.

मुघल सैन्यात राजपूत सरदार होते. बिकानेरचा अनुपसिंह दख्खनमध्ये वर्षानुवर्षे होता. आदोनीचा किल्ला पडल्यानंतर तिथली अनेक दख्खनी चित्रे त्याच्याकडे गेली आणि बिकानेरच्या राजसंग्रहात जपली गेली. त्याहून जुनी, सोळाव्या शतकाच्या अखेरची उत्तर दख्खनमधली रागमाला चित्रेही याच संग्रहातून पुढे आली. दुसरीकडे, 1650 मध्ये औरंगाबादला मोहनसिंह या मेवाडी सरदारासाठी भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’चे सचित्र हस्तलिखित तयार झाले. म्हणजे दख्खनी चित्रकार आता नव्या धन्यांसाठी काम करू लागले होते.

गोवळकोंड्याच्या चित्रकारांना आणखी एक गिऱ्हाईक मिळाले: युरोपीय व्यापारी. राजे-सरदारांच्या चेहऱ्यांचे संच ते विकत घेत. डच गृहस्थ विट्सेन यांच्या संग्रहातला, आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेला संच असाच. त्यात छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र आहे. महाराजांची जी सतराव्या शतकातली चित्रे युरोपातल्या संग्रहांत सापडली, त्यांतली बरीच याच गोवळकोंडा शैलीतली आहेत. महाराजांचे जे रूप आज मराठी मनात ठसले आहे, त्याला दख्खनी चित्रकाराच्या कुंचल्याचा आधार आहे. या कलेशी आपले नाते किती जवळचे आहे, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

सुरपूर: टेकडीवरचा शेवटचा दरबार

मोठे दरबार गेले तरी एक छोटे राज्य उरले. कृष्णा आणि भीमेच्या दुआबातल्या बेडर नायकांनी, आजच्या यादगीर जिल्ह्यात, खडकाळ टेकड्यांत आपले ठाणे केले होते. 1705 मध्ये म्हाताऱ्या औरंगजेबाने स्वतः त्यांच्या वागिनगेऱ्याला वेढा दिला. जातीने चालवलेला हा त्याचा शेवटचा वेढा. पिड्या नायकाच्या मदतीला धनाजी जाधव आणि हिंदुराव घोरपडे मराठी घोडदळ घेऊन धावले. एप्रिलमध्ये किल्ला पडला, पण नायक निसटला होता. पुढे सुरपूर ही या घराण्याची राजधानी झाली.

या डोंगरी राज्यात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात लघुचित्रांची एक धारा चालू राहिली. देवदेवता, पुराणप्रसंग, राजांची चित्रे, मिरवणुका; विषय बदलले, पण सोन्याचा वापर आणि घोटीव रंग जुन्या दख्खनचेच. मराठी-कन्नड-तेलुगू मुलखाच्या सांध्यावरचे हे पहाडी संस्थानच म्हणायचे. 1840 च्या दशकापासून इथे फिलिप मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी अल्पवयीन राजाचा पालक म्हणून होता. तोच राजा वेंकटप्पा नायक 1858 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला, पकडला गेला आणि कैदेतच गोळी लागून मरण पावला. राज्य खालसा होऊन निजामाकडे गेले. तिथल्या चित्रकारांचा धनी गेला.

हिशेब

हिमालयातल्या आणि दख्खनमधल्या चित्रकारांच्या नशिबात एवढा फरक का पडला? 1739 मध्ये नादिरशाहाने दिल्ली लुटली, मुघल दरबार खचला, आणि डोंगरातल्या राजांकडे चित्रकारांना आसरा मिळाला. पंडित सेऊ आणि त्यांचे पुत्र माणकू व नैनसुख यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या काम केले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत त्यांच्या घराण्याच्या नोंदी राहिल्या. बृजिंदरनाथ गोस्वामी यांनी त्या वाचून ही घराणी उजेडात आणली. तिथे एक मोठा दरबार पडला तेव्हा अनेक छोटे दरबार उभे होते. दख्खनमध्ये तीनशे वर्षे कला सांभाळणारे दरबार एकामागोमाग एकाच लाटेत बुडाले. उरले सुरपूरसारखे एखादेच. चित्रे विजेत्यांबरोबर गेली, नावे मातीत गेली.

इथे बिदरीकामाची तुलना आठवावी. जस्त-तांब्याच्या धातूवर चांदी बसवायची, मग बिदरच्या किल्ल्यातली माती लावून धातू काळा करायचा. ही कला याच दरबारांत वाढली, पण आजही बिदरच्या गल्ल्यांत चालू आहे. कारण तिचे हुक्के, पानदाने, सुरया राजवाड्याबाहेरच्या घरांतही गेल्या. बाजाराने तिला जगवले. लघुचित्राला बाजार मिळाला तो फार थोडा आणि फार उशिरा. एकाच धन्याच्या आधारावर जगणारी कला कितीही थोर असली तरी त्या धन्याबरोबर बुडते, हा दख्खनच्या चित्रकलेने शिकवलेला धडा आहे.

विखुरलेली पाने डब्लिन, ॲमस्टरडॅम, बिकानेर आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सुरक्षित आहेत. अष्टूरची भिंत मात्र कुठे नेता येत नाही. ओल, धूर आणि हाताळणी यांनी तिचे रंग झिजत आहेत. बिदर-कलबुर्गीच्या शाळांनी सहलींत अष्टूर घ्यावे, पुण्याच्या वाचकांनी मंडळातल्या हस्तलिखिताची माहिती करून घ्यावी, आणि जो कोणी त्या घुमटाखाली जाईल त्याने भिंतीला हात न लावता ते रंग पाहावेत. शुक्रुल्लाहचे काम पुढच्या पिढीच्या हाती पोचवण्याची जबाबदारी आता कोणत्याही सुलतानाची नाही, ती आपली आहे.